कर्करोगानंतरचे एकाकीपण : एका नावेने दिलेला धडा

शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, किरणोपचारांची शेवटची फेरी पार पडली आणि 'आता तीन महिन्यांनी दाखवायला या' असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणजे रुग्ण बरा झाला असे घरची माणसे मानतात. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरते. मुले शाळेत आणि कामावर परततात. घर पूर्ववत चालू लागते. ज्या व्यक्तीसाठी हा सारा खटाटोप झाला, ती मात्र पूर्ववत झालेली नसते. रुग्णालयात असताना तिच्या सभोवती डॉक्टर होते, परिचारिका होत्या, शेजारच्या खाटेवर त्याच दुखण्याने गांजलेली दुसरी कोणी तरी होती. घरी आल्यावर तिच्या सोबतीला उरते ती केवळ एक शंका : हा रोग पुन्हा तर येणार नाही ना?

कर्करोगाच्या उपचारात गेल्या काही दशकांत मोठी प्रगती झालेली आहे. परिणामी रोगातून वाचलेल्या व्यक्तींची संख्याही वाढत आहे. भारतात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांमध्ये स्तनाचा कर्करोग आज पहिल्या क्रमांकावर असून २०२२ या एका वर्षात त्याच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांचा अंदाज आंतरराष्ट्रीय पाहणीत वर्तविण्यात आला होता. यांपैकी अनेकींना उपचारानंतर दीर्घ आयुष्य लाभणार आहे. हे आयुष्य त्यांनी कसे जगावे, हा प्रश्न रोगनिदानाइतकाच महत्त्वाचा आहे. या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर १९९६ साली कॅनडातील व्हँकुव्हर शहरात एका नावेने दिले. त्या उत्तराचा हा परिचय.

उपचारानंतरची पोकळी

कर्करोगानंतरचे एकाकीपण अनेक पदरी असते. त्याचा पहिला पदर शरीराचा. केमोथेरपीनंतर महिनोन् महिने टिकणारा थकवा हा सामान्य दमणुकीसारखा नसतो; झोप घेऊनही तो जात नाही. जिना चढताना धाप लागते, बाजारातून पिशवी आणणे जड जाते. साहजिकच बाहेर पडणे कमी होते. बाहेर पडणे कमी झाले की स्नायू आणखी दुबळे होतात आणि थकवा वाढतो. हे चक्र एकदा सुरू झाले की ते आपोआप थांबत नाही.

दुसरा पदर मनाचा. शरीराचा एखादा अवयव गमावलेल्या व्यक्तीला स्वतःचेच शरीर परके वाटू लागते. आरशासमोर उभे राहणे नकोसे होते. समारंभाला जायचे तर पूर्वीचे कपडे नीट बसत नाहीत. आणि तिसरा पदर समाजाचा. 'कॅन्सर' हा शब्द उच्चारताना लोक आजही आवाज खाली आणतात. काही जण सहानुभूतीच्या भरात रुग्णाला काहीच करू देत नाहीत, तर काही जण हा रोग संसर्गजन्य असल्याप्रमाणे त्याचे भांडे वेगळे ठेवतात. वास्तविक स्तनाचा कर्करोग एका व्यक्तीकडून दुसरीकडे सहवासाने पसरत नाही. तथापि दया आणि भीती या दोन्हींचा परिणाम एकच होतो. माणूस माणसांतून उठतो.

अशा एकाकीपणाचे परिणाम केवळ मनापुरते मर्यादित राहत नाहीत. अमेरिकेतील परिचारिकांच्या आरोग्याचा अनेक वर्षे पाठपुरावा करणाऱ्या एका प्रसिद्ध अभ्यासात स्तनाचा कर्करोग झालेल्या २,८३५ स्त्रियांची माहिती तपासण्यात आली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. रोगाचे निदान होण्यापूर्वी ज्या स्त्रियांचे नातेवाईक, मित्रपरिवार व सामाजिक संबंध अत्यल्प होते, त्यांच्यात कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका भरपूर गोतावळा असलेल्या स्त्रियांपेक्षा ६६ टक्क्यांनी अधिक आढळला, तर स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका दुपटीहून अधिक होता. आजारपणात लक्ष घालणारी, वेळेवर रुग्णालयात नेणारी, दोन घास करून घालणारी माणसे जवळ नसणे हे त्याचे संभाव्य कारण संशोधकांनी नमूद केले. सोबत ही चैनीची वस्तू नाही, असाच याचा अर्थ होय.

'हाताला जपा'

स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रियांच्या बाबतीत या एकाकीपणाला आणखी एक कारण जोडले गेले होते, आणि ते खुद्द वैद्यकीय सल्ल्यातूनच आले होते. ते समजून घेण्यासाठी शरीररचनेचा थोडा विचार करावा लागेल.

रक्तवाहिन्यांप्रमाणेच आपल्या शरीरात लसिकावाहिन्यांचे एक सूक्ष्म जाळे असते. पेशींच्या भोवती झिरपलेला पातळ द्रव, म्हणजे लसिका, या वाहिन्या गोळा करतात आणि पुन्हा रक्तप्रवाहात सोडतात. वाटेत ठिकठिकाणी लसिकाग्रंथी असतात. त्या गाळणीचे काम करतात. हातातील लसिकेचा मुख्य मार्ग काखेतील ग्रंथींमधून जातो. स्तनाचा कर्करोग पसरू लागला म्हणजे बहुधा प्रथम याच ग्रंथींत शिरतो. म्हणून शस्त्रक्रियेत त्या काढण्याची किंवा त्यांच्यावर किरणोपचार करण्याची वेळ येते. रोगाच्या दृष्टीने ते आवश्यक असते. परंतु पाट बुजला की शेतात पाणी तुंबावे, तसा त्यानंतर काही स्त्रियांच्या हातात द्रव साचू लागतो. हात सुजतो, जड होतो, बांगड्या व पोलक्याची बाही घट्ट होते, जंतुसंसर्गाची भीती वाढते. या विकाराला वैद्यकात 'लिम्फिडीमा' असे नाव आहे. एकदा जडला की तो सहसा पूर्णपणे जात नाही. त्यामुळे त्याची धास्ती रास्तच होती.

अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबरच छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथीही काढल्या जात. पुढे जवळजवळ पाऊणशे वर्षे हीच पद्धत प्रमाण मानली गेली. डॉ. बर्नार्ड फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाने १९८५ मध्ये दाखवून दिले की, योग्य रुग्णांमध्ये केवळ गाठ काढून किरणोपचार दिले तरी रुग्णाच्या आयुर्मानात उणेपणा येत नाही. त्यानंतर शस्त्रक्रिया सौम्य होत गेल्या. रुग्णांना दिला जाणारा सल्ला मात्र तितक्या वेगाने बदलला नाही. 'त्या हाताने जड उचलू नका, एकसारखी हालचाल करू नका, झाडू नका, घासू नका, वल्हवू नका' अशी यादी स्त्रियांच्या हाती दिली जाई. श्रम केल्याने हाताकडे रक्तप्रवाह वाढेल, लसिका अधिक तयार होईल आणि सूज येईल, असा त्यामागील तर्क होता. तर्क सकृद्दर्शनी पटण्याजोगा होता. परंतु तो कसोटीला लावून पाहिलेला नव्हता.

या सल्ल्याचा एक अप्रत्यक्ष परिणाम झाला. नातवंडाला कडेवर घेऊ नये, बागकाम करू नये, पोहायला जाऊ नये, असे ठरल्यावर त्या स्त्रीच्या आयुष्यातील एकेक आनंद गळून पडला. रोग गेला होता. पण आपण आता नाजूक, निरुपयोगी आणि कायमचे रुग्ण आहोत, ही भावना मागे राहिली.

व्हँकुव्हरचा प्रयोग

ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील क्रीडावैद्यकाचे तज्ज्ञ डॉ. डॉन मॅकेन्झी यांना या रूढ सल्ल्याविषयी शंका होती. व्यायामाने स्नायूंचे आकुंचन-प्रसरण होते. त्या दाबाने लसिका पुढे ढकलली जाते. शिवाय नियमित व्यायामाने शरीर हळूहळू श्रमांना सरावते. तेव्हा पद्धतशीर व्यायाम घातक ठरण्याऐवजी उपयुक्तच ठरला पाहिजे, असा त्यांचा कयास होता. तो सिद्ध करण्यासाठी त्यांनी मुद्दाम असा खेळ निवडला की, ज्यात हात, खांदे आणि छाती यांना पुनःपुन्हा व जोमाने श्रम पडतात. तो खेळ म्हणजे ड्रॅगन नौकेची शर्यत.

ही लांबट, अरुंद नाव मूळची चीनमधील. तिच्या नाळेवर ड्रॅगनचे, म्हणजे चिनी कल्पनेतील सर्पाकृती दैवी प्राण्याचे, मस्तक बसविलेले असते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात छू युआन या कवीने नदीत देह टाकला, तेव्हा त्याला वाचविण्यासाठी लोकांनी ढोल वाजवीत नावा हाकारल्या, अशी या शर्यतीच्या उगमाची लोककथा सांगतात. व्हँकुव्हर येथे १९८६ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने हाँगकाँगहून अशा नावा आल्या आणि तेथे दर उन्हाळ्यात शर्यतींचा उत्सव भरू लागला. बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी धावलेल्या नावेची ही परंपरा पुढे ज्या कामी आली, ते तिच्या मूळ कथेला साजेसेच होते.

फेब्रुवारी १९९६ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे उपचार घेतलेल्या २४ स्त्रिया या प्रयोगासाठी स्वेच्छेने पुढे आल्या. बहुतेकींनी पूर्वी कधी वल्हे हातात धरलेले नव्हते. त्यांना एकदम पाण्यात उतरविण्यात आले नाही. प्रथम व्यायामशाळेत ताणाचे व्यायाम, हलकी वजने, हृदय व फुप्फुसे यांची ताकद वाढविणारे श्रम, असा क्रम ठेवण्यात आला. मगच नाव. श्रम टप्प्याटप्प्याने वाढविले जात होते आणि डॉक्टर व भौतिकोपचारतज्ज्ञ यांची देखरेख होती. जून महिन्यात या स्त्रिया शहराच्या उत्सवात इतर संघांच्या बरोबरीने शर्यतीत उतरल्या.

प्रयोगाचा निष्कर्ष स्पष्ट होता. एकाही स्त्रीला नव्याने सूज आली नाही. ज्यांना ती आधीपासून होती, त्यांची सूज वाढली नाही. डॉ. मॅकेन्झी यांनी १९९८ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात या अनुभवाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे २००० साली प्रसिद्ध झालेल्या, वल्हवणाऱ्या २० स्त्रियांच्या हातांच्या मापांवर आधारलेल्या दुसऱ्या एका लेखातही चिंता करण्याजोगी वाढ आढळली नाही.

प्रयोग एका हंगामापुरता योजलेला होता. हंगाम संपला, पण स्त्रिया नाव सोडावयास तयार नव्हत्या. त्यांनी स्वतःचा कायमचा संघ उभा केला. त्याचे नाव 'ॲब्रेस्ट इन अ बोट'. इंग्रजीत 'खांद्याला खांदा लावून' असा अर्थ असलेल्या या शब्दातच स्तनवाचक शब्द दडलेला आहे. ज्या अवयवाचे नाव घेणेही संकोचाचे वाटे, तो शब्द या स्त्रियांनी आपल्या नावेच्या नावात मिरविला.

नावेत काय घडते

या नावेत दहा बाकांवर दोन-दोन अशा वीस जणी वल्हवतात. पुढे ढोल वाजविणारी आणि मागे सुकाणू धरणारी, अशा दोघी आणखी असतात. वल्ही नावेला बांधलेली नसतात. प्रत्येकीने आपले वल्हे दोन्ही हातांनी धरावयाचे असते. एखादी कितीही बलवान असली तरी ताल सोडून वल्हवू लागली, तर तिच्या बळाने नाव पुढे जाण्याऐवजी अडखळते. उलट, दुबळी असूनही जी तालात राहते, ती नावेला उपयोगी पडते. महाराष्ट्रातील शाळांच्या मैदानांवर ज्यांनी लेझीम खेळली आहे, त्यांना हे सहज उमगेल. हलगीच्या ठेक्यावर पाऊल पडू लागले की कोण सरस आणि कोण कमी हा भेद मागे पडतो. सारा मेळा एका अंगाने हलू लागतो.

नुकत्याच उपचार संपवून आलेल्या स्त्रीच्या दृष्टीने याचे महत्त्व फार आहे. 'मी आता काय कामाची?' हा प्रश्न तिला आतून पोखरत असतो. नावेत तिची जागा ठरलेली असते. ती आली नाही, तर बाक रिकामे राहते आणि शेजारणीला ते जाणवते. कोणाला तरी आपली गरज आहे, हा अनुभव तिला कोणत्याही समजावणीशिवाय मिळतो.

दुसरी गोष्ट अशी की, नावेत सर्वांची तोंडे एकाच दिशेला असतात. दुःख सांगण्यासाठी समोरासमोर बसावे लागत नाही. अनेकांना, विशेषतः मितभाषी स्वभावाच्या व्यक्तींना, वर्तुळात बसून आपल्या रोगाची कथा सांगणे अवघड वाटते. येथे मुख्य काम वल्हवण्याचे असते. बोलणे ओघाने येते. कपडे बदलताना, पाणी पिताना, परतीच्या वाटेवर कोणी तरी सहज विचारते : 'तुझाही हात रात्री असाच ठणकतो का?' ज्या प्रश्नासाठी डॉक्टरांकडे वेळ नसतो आणि घरी धीर होत नाही, त्याला तेथे उत्तर मिळते. व्रणाची लाज वाटत नाही; कारण शेजारणीलाही तसाच व्रण असतो.

तिसरी गोष्ट काठावरच्या लोकांविषयीची. शर्यत पाहणाऱ्या हजारो लोकांना पाण्यावर दिसतात त्या घामाने निथळणाऱ्या, एका दमात वल्ही मारणाऱ्या स्त्रिया. त्यांना पाहून कर्करोगाविषयीची समजूत जितकी बदलते, तितकी ती अनेक व्याख्यानांनीही बदलणे कठीण.

हा उपक्रम लवकरच कॅनडाबाहेर पोहोचला. व्हँकुव्हर येथे २००५ मध्ये अशा संघांचा आंतरराष्ट्रीय मेळावा झाला. त्यानंतर ऑस्ट्रेलिया, अमेरिका, इटली आदी देशांत मेळावे भरले. २०२३ चा मेळावा न्यूझीलंडमधील कारापिरो सरोवरावर झाला. या संघांना एकत्र आणणारी आंतरराष्ट्रीय संघटना २०१० मध्ये स्थापन झाली आणि तीसहून अधिक देशांत तिचा विस्तार झालेला आहे.

वजन उचलण्याची कसोटी

चोवीस स्त्रियांच्या अनुभवावरून सर्वांसाठी नियम बांधता येत नाही. तुलनेसाठी दुसरा गट नसलेल्या प्रयोगाला शास्त्रात मर्यादा असतात. व्हँकुव्हरच्या नावेने प्रश्न उपस्थित केला. त्याचे भक्कम उत्तर पुढील संशोधनाने दिले.

अमेरिकेतील डॉ. कॅथरिन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाने वर्षभर आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम केला. दुसऱ्याने केला नाही. व्यायाम रुग्णालयात नव्हे, तर वस्तीतील नेहमीच्या व्यायामशाळांत, लहान लहान तुकड्यांनी, प्रशिक्षित मार्गदर्शकांच्या हाताखाली होई. वजन अगदी थोडे घेऊन आरंभ करीत, त्रास न झाल्यास ते हळूहळू वाढवीत आणि व्यायामाच्या वेळी हाताला दाब देणारी घट्ट बाही घालीत. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सूज वाढलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच, म्हणजे ११ आणि १२ टक्के होते. सूज एकाएकी बळावण्याचे प्रसंग मात्र वजन उचलणाऱ्या गटात १४ टक्के स्त्रियांवर, तर दुसऱ्या गटात २९ टक्के स्त्रियांवर आले. ज्या श्रमाला घातक म्हटले जात होते, तो योग्य रीतीने केल्यास संरक्षक ठरला.

यात 'योग्य रीतीने' हे शब्द महत्त्वाचे आहेत. व्यायामाला बंदी नको, याचा अर्थ शिस्तही नको असा होत नाही.

कशाने काय साधते

सांघिक व्यायामाविषयी उत्साहाच्या भरात अवास्तव दावे होण्याचा संभव असतो. म्हणून कशाने काय साधते, याचा नेमका विचार केलेला बरा.

केवळ एकत्र बसून मन मोकळे केल्याने आयुष्य वाढते, अशी आशा एकेकाळी निर्माण झाली होती. अमेरिकेतील डॉ. डेव्हिड स्पीगेल यांच्या १९८९ मधील अभ्यासात तसे दिसले होते. तथापि कॅनडात पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या २३५ रुग्ण स्त्रियांवर केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात गटात सहभागी झालेल्यांचे आयुर्मान वाढल्याचे आढळले नाही. त्यांचा मानसिक क्लेश मात्र कमी झाला आणि वेदनेची जाणीवही कमी झाली. आयुष्याचे दिवस वाढले नाहीत, तरी हाती असलेले दिवस सुसह्य झाले. हा लाभ लहान नव्हे.

व्यायामाच्या बाबतीत २०२५ मध्ये एक महत्त्वाचा निष्कर्ष हाती आला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया व केमोथेरपी झालेल्या ८८९ रुग्णांचा अभ्यास प्रामुख्याने कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांत करण्यात आला. दोन्ही गटांना आरोग्यविषयक माहितीपुस्तिका देण्यात आली. एका गटाला त्याखेरीज तीन वर्षे मार्गदर्शकाच्या सोबतीने नियोजित व्यायाम देण्यात आला. पाच वर्षांनंतर रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के, तर केवळ पुस्तिका मिळालेल्या गटात ७३.९ टक्के आढळले. आठ वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९०.३ व ८३.२ टक्के होते. स्नायू व सांधे दुखावण्याच्या तक्रारी व्यायामाच्या गटात काहीशा अधिक होत्या, हेही संशोधकांनी प्रांजळपणे नोंदविले. हा निष्कर्ष आतड्याच्या कर्करोगापुरता आहे. तो जसाच्या तसा इतर कर्करोगांना लावता येणार नाही. परंतु त्यातील एक गोष्ट सर्वत्र लागू पडण्यासारखी आहे. 'व्यायाम करा' हे दोन्ही गटांना माहीत होते. फरक पडला तो पाठपुरावा करणाऱ्या माणसामुळे. उपदेश कागदावर राहतो. सोबत माणसाला घराबाहेर काढते.

क्रीडावैद्यकातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार, आठवड्यातून तीन वेळा प्रत्येकी अर्धा तास भरभर चालण्यासारखा व्यायाम आणि त्याला जोड म्हणून आठवड्यातून दोनदा स्नायूंना बळ देणारा व्यायाम केल्यास कर्करोगानंतरचा थकवा, चिंता आणि खिन्नता कमी होते व दैनंदिन कामे करण्याची क्षमता वाढते. यासाठी नाव लागत नाही आणि नदीही लागत नाही.

पाण्यावर सोडलेली फुले

अशा गटासमोर एक कठीण प्रसंग येतोच. सहकाऱ्यांपैकी कोणाचा तरी रोग परततो. काल शेजारी बसून वल्हवणारी मैत्रीण रुग्णालयात दाखल होते आणि काही महिन्यांनी तिचे बाक रिकामे होते. हे ज्यांना पाहावे लागते, त्या स्वतःही त्याच भीतीच्या छायेत असतात. अशा गटात राहून मन खचणार नाही काय, असा प्रश्न कोणीही विचारील.

नौकासंघांनी या प्रसंगाला बगल दिली नाही. त्यांच्या मेळाव्यांत शर्यतीनंतर सर्व नावा एकमेकींना लागून पाण्यावर थांबतात, शेजारच्या नावेला हात देऊन त्या एकत्र धरल्या जातात आणि दिवंगत सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ गुलाबी फुले पाण्यावर सोडली जातात. मृत्यू लपविल्याने भय वाढते. त्याला सर्वांनी मिळून सामोरे गेल्याने, निदान आपली आठवण काढणारे कोणी असेल, ही खात्री मिळते. एकाकीपणाच्या मुळाशी असलेले भय बहुधा तेच असते.

महाराष्ट्राच्या संदर्भात

कर्करोगाच्या उपचारात महाराष्ट्राचे स्थान जुने आहे. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी झाले. डॉ. दा. ज. जस्सावाला आणि नवल टाटा यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ मध्ये स्थापन झाली. बालपणी कर्करोगातून बरे झालेल्या तरुणांचा 'उगम' हा गट याच संस्थेच्या आश्रयाखाली उभा राहिला आहे. उपचार संपल्यानंतरही माणसाला सोबतीची गरज असते, ही जाणीव येथे नवी नाही.

या जाणिवेला सांघिक व्यायामाची जोड देणे अवघड नाही. सकाळी बागेत एकत्र जमण्याची सवय शहरांतील लोकांना आहे, डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईतील अशाच एका बागेत सुरू केलेला हास्यक्लब पुढे देशोदेशी पसरला. ग्रामीण भागात महिला मंडळे आणि बचत गट आहेत. आठवड्याला ठराविक वारी जमणाऱ्या, एकमेकींच्या घरची अडचण जाणणाऱ्या स्त्रिया जेथे आहेत, तेथे सोबतीचा पाया तयारच आहे.

ग्रामीण स्त्रीच्या बाबतीत 'जड उचलू नका' या सल्ल्याचा वेगळा विचार आवश्यक आहे. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी आणणाऱ्या, विहिरीचे पाणी शेंदणाऱ्या, खुरपणीला जाणाऱ्या स्त्रीला हा सल्ला पाळणे एक तर अशक्य असते. किंवा तो पाळला, तर घरातील तिचे स्थान आणि रोजगार दोन्ही धोक्यात येतात. मग ती सल्ला मोडते आणि सूज आली की स्वतःलाच दोष देते. नुसती मनाई करण्यापेक्षा, देखरेखीखाली आणि क्रमाक्रमाने तिच्या हाताला पुन्हा बळ कसे येईल, हे शिकविणे अधिक उपकारक होय. तोपर्यंत तिचा हंडा उचलण्यास दुसरा हात पुढे यावा, ही गटाची जबाबदारी.

गट कसा असावा

असा गट सुरू करू इच्छिणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. प्रत्येक सदस्याने उपचार करणाऱ्या डॉक्टरांची संमती घ्यावी. शस्त्रक्रियेची जखम पूर्ण भरलेली असावी. हाडांत रोग पसरलेला असल्यास, हृदयावर औषधांचा परिणाम झालेला असल्यास किंवा रक्त फार कमी असल्यास व्यायामाचे स्वरूप डॉक्टरांनीच ठरवावे.

२. आरंभ चालण्यापासून करावा. खांद्याच्या हालचाली सावकाश वाढवाव्यात. वजन उचलावयाचे झाल्यास ते अगदी थोडे असावे आणि जाणकाराच्या नजरेखाली वाढवावे. काही दिवस खंड पडल्यास पुन्हा कमी वजनापासून सुरुवात करावी.

३. हात जड वाटणे, बांगडी किंवा अंगठी घट्ट होणे, त्वचा लाल व गरम होणे, ताप येणे ही लक्षणे दिसताच व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. हाताला लहानशी जखम झाली तरी ती स्वच्छ ठेवावी.

४. वेळ आणि जागा निश्चित असावी. जो सदस्य सलग दोन वेळा येणार नाही, त्याच्या घरी कोणी तरी जावे. एकाकीपणाविरुद्ध याहून स्वस्त आणि परिणामकारक उपाय दुसरा नाही.

५. रोगाविषयी बोलण्याची सक्ती नसावी आणि मनाईही नसावी. 'माझ्या औषधाने बरे वाटले, तूही घे' असा सल्ला मात्र कोणी देऊ नये.

६. कुटुंबीयांना अधूनमधून बोलवावे. आपली आई, पत्नी किंवा सून हात उंचावून व्यायाम करते, हसते, हे घरच्यांनी प्रत्यक्ष पाहिले म्हणजे त्यांच्या मनातील भीतीही ओसरते.

व्हँकुव्हरच्या त्या स्त्रियांनी १९९६ मध्ये वैद्यकशास्त्रातील एका शंकेचे निरसन व्हावे म्हणून वल्ही हाती घेतली. हातांच्या मापांनी ती शंका दूर झाली. परंतु शंका दूर झाल्यावरही त्या नावेत बसतच राहिल्या, यातच या प्रयोगाचे सार आहे. औषधाने रोग जातो. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, हा विश्वास मात्र माणसांनीच माणसाला द्यावा लागतो. कर्करोगातून परतलेल्या शेजारणीला 'विश्रांती घे' असे दारातून सांगून परतण्यापेक्षा, 'उद्या सकाळी सहाला निघू, तुझ्यासाठी थांबते' असे तिला सांगणे हा त्या कामाचा आरंभ होय.